अडकलेलं काडतूस : प्रस्तावना

वार्षिक गोळीबाराच्या सरावात एका तरुण शिपायाचं पिस्तूल अडकलं, तेव्हा मी त्याच्यापासून सहा पावलांवर उभा होतो. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथीला स्लाइड पूर्ण पुढे न येता मध्येच थांबली. त्यानं चाप दोनदा दाबून पाहिला, आणि ‘उस्ताद, हे बघा’ म्हणत पिस्तूल हातात तसंच धरून तो मागे वळला. चांदमारीवरची सगळी रांग एका क्षणात खाली बसली. उस्तादांनी दोन ढांगांत जाऊन त्याचं मनगट धरलं आणि नळी पुन्हा मातीच्या टेकाडाकडे फिरवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. नंतर मॅगझिन काढून पाहिलं, तर मॅगझिनचा एक ओठ किंचित वाकलेला होता. काडतुसाचं नाक त्यामुळे खाली झुकून चढणीवर टेकलं होतं. दोष नखाच्या कडेएवढा. त्या दोषानं कुणाला खरचटलंही नसतं. जीव गेला असता तो त्या वळण्यानं.

पुढची बरीच वर्षं मी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून काढली. टेबलावर येणाऱ्या पिस्तुलांबरोबर बहुतेक वेळा एकच तक्रार यायची : ‘अडकतं.’ कधी, कितव्या गोळीला, कोणत्या मॅगझिननं, अडकलं तेव्हा आत काय दिसत होतं, असं विचारलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा. त्याचा दोष नाही. अडकल्याबरोबर स्लाइड ओढून मोकळी करायची, एवढंच त्याला शिकवलेलं असे, आणि ओढल्याबरोबर पुरावा जमिनीवर पडलेला असे. हे पुस्तक त्या गप्प बसण्यावरचा उपाय म्हणून लिहिलं आहे.

पिस्तूल आणि काडतूस हे आपले दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मराठीत मुरले. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या पोटातल्या भागांना मात्र आपण मराठी नावं कधी दिली नाहीत. प्रशिक्षणात हिंदी उस्ताद ‘रोक’ म्हणतात, इंग्रजी पुस्तिका ‘स्टॉपेज’ म्हणते, आणि आमच्या भंडाऱ्या-मोहाडीकडचा पोरगा म्हणतो, ‘फसलं’. या पुस्तकात मी ‘अडक’ हा शब्द ठेवला आहे. स्लाइड, मॅगझिन, एक्स्ट्रॅक्टर हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, ते तसेच राहू दिले. काडतुसाचं रिकामं पितळी कवच म्हणजे पुंगळी, गोळी ज्या तिरप्या खोबणीवरून वर सरकते ती चढण, आणि मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन पत्र्यांना ओठ. यापेक्षा अवघड शब्द वाचकाला पुढे भेटणार नाही.

मराठी माणसाच्या मनात अशा पिस्तुलाचं नाव इतिहासातूनच शिरलं आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि त्या खटल्यामुळे ‘ब्राउनिंग’ हा शब्द घराघरांत पोचला. त्याच जॉन ब्राउनिंगनं हाती घेतलेला शेवटचा आराखडा त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी पुरा केला. १९३५ साली ते पिस्तूल हाय-पॉवर या नावानं बाजारात आलं. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलेलं, ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिलिमीटरचं ‘१ ए’ पिस्तूल त्याच घराण्यातलं. हा वंशवृक्ष इथं सांगण्याचं कारण त्याचं मॅगझिन. तेरा काडतुसं एकाआड एक दोन रांगांत बसतात आणि तोंडाशी येताना त्यांची एक रांग होते. जत्रेची गर्दी अरुंद दरवाज्यातून जाते तसंच हे. जागा वाचते, पण घर्षण वाढतं, आणि स्प्रिंग थकली की त्या निमुळत्या तोंडाशीच काडतूस रेंगाळतं. सोय आणि अडचण एकाच ठिकाणी जन्मलेल्या आहेत.

हे पिस्तूल चालतं कशानं, ते आधी समजून घ्यावं लागतं. माणूस फक्त चाप ओढतो. पुढचं सगळं काम काडतुसातल्या दारूच्या जोरावर होतं. गोळी पुढे जाते, त्याच जोरानं स्लाइड मागे येते, मागे येताना पुंगळीला ओढून आपल्या अंगातल्या खिडकीतून बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, आणि स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. पुढे जाताना स्लाइडचा तळ मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाला मागून रेटतो, ओठ त्याला सोडतात, नाक चढणीवर चढतं आणि काडतूस नळीच्या मागच्या कोठीत जाऊन बसतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मॅगझिनच्या स्प्रिंगनं पुढचं काडतूस वेळेत वर आणलं पाहिजे, ओठांनी ते योग्य कोनात सोडलं पाहिजे, चढण गुळगुळीत असली पाहिजे, आणि स्लाइडमध्ये रेटण्याइतका जोर उरला पाहिजे. यातलं एक चुकलं की अडक.

आमच्या जिल्ह्याचं नाव पितळेच्या भांड्यांसाठी घेतलं जातं. पुंगळीही पितळेचीच असते, साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. हे मिश्रण उगाच निवडलेलं नाही. बार झाला की पुंगळी किंचित फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते आणि जळता वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती पुन्हा आकसते आणि सुटते. कोठी काजळीनं किंवा शिशाच्या पापुद्र्यानं मळलेली असेल तर तिचं सुटणं अवघड होतं. जुनी पुंगळी आत राहते, मागून नवं काडतूस येऊन तिच्यावर आपटतं, आणि दोघं एकमेकांना जखडून बसतात. ही सर्वांत चिवट अडक. स्लाइड नुसती ओढून ती सुटत नाही. आधी स्लाइड मागे अडकवून मॅगझिन काढावं लागतं, मगच आतलं मोकळं होतं.

काडतुसातल्या दारूबद्दल लिहिताना मोहाडीत बसलेल्या माणसाचं मन जवाहरनगरकडे जातंच. तिथल्या आयुध निर्माणीत तोफा-बंदुकांची प्रणोदकं आणि स्फोटकं तयार होतात, आणि आजूबाजूच्या गावांतली कितीतरी घरं त्या कामावर उभी आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथं झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. त्या दिवशी भंडाऱ्यात कुणाला आपापलं काम सुचलं नाही. चांदमारीवर काडतुसाचं खोकं उघडणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगत आलो, की ही वस्तू कुणाच्या तरी हातांनी, जिवावरची जोखीम घेऊन बनते. ती खिशात खुळखुळवू नये, ओल्या जमिनीवर ठेवू नये, पडलेली पुसून पुन्हा भरू नये. सैन्य-पोलिसांच्या छोट्या शस्त्रांची काडतुसं बनवणाऱ्या दोन मोठ्या निर्माण्या आपल्याच राज्यात आहेत. पुण्याजवळची खडकीची १८६९ पासूनची, आणि जळगाव जिल्ह्यातली वरणगावची. ऑक्टोबर २०२१ पासून या दोन्ही आणि आपली भंडाऱ्याची निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या एकाच सरकारी कंपनीत आहेत.

आता खेळाकडे येतो, कारण या पुस्तकाचा निम्मा वाचक खेळाडू असावा अशी माझी इच्छा आहे. स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, आणि कोल्हापूरच काय, आमच्या मोहाडीतली पोरंही ‘रायफल शिकायची’ म्हणू लागली. त्या रायफलमध्ये खेळाडू एकेक काडतूस स्वतःच्या हातानं ठेवतो आणि बोल्ट स्वतः ढकलतो. तिथं भरण्याची अडक जवळजवळ नसतेच. २५ मीटर पिस्तूल हा खेळ निराळा. त्यात पॉइंट टू-टूचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल लागतं. महिलांच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात, तीस शांतपणे नेम धरून आणि तीस झटपट. झटपट भागात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर राहतं आणि सात सेकंद लपतं. तेवढ्यात हात वर घेऊन एक गोळी मारायची असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण मिळवलं. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी ३४ वर बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांमध्ये टिकून त्यांनी सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अशा जादा फेरीत मॅगझिनचा एक वाकलेला ओठ काय करू शकतो, याचा विचार करून पाहा.

पॉइंट टू-टूच्या काडतुसाचे तीन स्वभाव नवख्याला माहीत नसतात. त्याला मागच्या बाजूला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्याच्या कडेपुढे येईल असं बसवायचं असतं. घाईत एक चुकतं आणि खेळाडू पिस्तुलाला दोष देतो. दुसरं, त्याची गोळी मऊ शिशाची असते. ती चढणीवर घासून शिशाचा बारीक चुरा कोठीच्या तोंडाशी साचतो. तिसरं, गोळीला मेणासारखा वंगणाचा थर असतो. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेला असताना, उन्हात ठेवलेल्या खोक्यातला हा थर मऊ होतो, काडतुसं बोटांना चिकटतात आणि मॅगझिनमध्ये धुळीसकट बसतात. मी पाहिलेल्या उन्हाळ्यातल्या अडकांपैकी बऱ्याच अडका सावलीत ठेवलेल्या खोक्यानं टळल्या असत्या.

या खेळाच्या नियमांत एक गोष्ट आहे, जिच्यावर मी हे अख्खं पुस्तक उभं केलं आहे. स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर खेळाडूनं नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि पंचांची वाट पाहायची. पंच पिस्तूल तपासतात. बिघाड खेळाडूच्या चुकीचा नसेल तर नियमाप्रमाणे त्याला ती फेरी पुरी करण्याची किंवा पुन्हा खेळण्याची संधी मिळते. पण पंच येण्यापूर्वी खेळाडूनं स्वतः स्लाइड उघडली किंवा यंत्रणेला हात लावला, तर हक्क गेला. नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, की हात लागला की कारण पुसलं जातं.

आंधळगाव आमच्याच तालुक्यातलं, कोशाच्या कापडाचं गाव. माझं आजोळ तिथलं. हातमागावर धोटा मध्येच थांबला की मामा पहिल्यांदा दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि ताण्याकडे नुसतं बघायचे. मी लहान असताना एकदा धोटा ओढून काढला. चार बोटं रुंदीचे धागे तुटले. ते जोडायला मामांना दुपार लागली, पण ते मला रागावले नाहीत. ‘धागा कुठं गुंतला होता ते आता कळणार नाही,’ एवढंच म्हणाले. शस्त्रागारात माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हा धोटा सांगितला आहे.

आता माझ्याच खात्यातले जुने सहकारी हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. पोलिसाला तातडीची कृती शिकवतात : मॅगझिनच्या तळाला थाप मारा, स्लाइड पूर्ण ओढून सोडा, पुढे चला. समोर हत्यारबंद माणूस असताना ओठ आणि चढण बघत कोण बसणार? मी ती कृती नाकारत नाही. ती हातात इतकी मुरली पाहिजे, की डोकं बधिर झालं तरी हातानं ती करावी. पण ती संकटासाठी आहे, आणि चांदमारीवर संकट नसतं. सरावाच्या मैदानावर प्रत्येक अडकेला थाप-ओढ करणारा माणूस वर्षानुवर्षं वाकलेलं मॅगझिन वापरत राहतो आणि खऱ्या प्रसंगाला तेच घेऊन जातो. शिवाय ही कृती दोन ठिकाणी घातक ठरते. चाप ओढल्यावर नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसता ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, तर गोळी नळीतच राहिली असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. तिथं हात पूर्ण थांबला पाहिजे. आणि सरावात काडतूस उडालंच नाही, तर निदान तीस सेकंद नळी टेकाडाकडे धरून थांबायचं, कारण क्वचित ते उशिरा उडतं. सरावाच्या मैदानावर माझा क्रम म्हणूनच ठरलेला आहे : नळी समोर, बोट चापाबाहेर, डोळे खिडकीवर, आणि मग हात.

डोळ्यांना काय दिसतं, त्यावर कारणाचा अर्धा पत्ता लागतो. नाक खाली, चढणीवर रुतलेलं असेल तर मॅगझिनकडे बघा : नीट खटका लागेपर्यंत बसलं होतं का, स्प्रिंग थकली का. नाक वर, कोठीच्या वरच्या कडेला टेकलेलं असेल तर ओठ फाकलेत का ते तपासा. रिकामी पुंगळी खिडकीत धुराड्यासारखी उभी असेल तर भरण्याशी त्याचा संबंध नाही. पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली काजळी, जोर कमी पडलेलं काडतूस, नाहीतर सैल मनगट. मूठ ढिली असली की पिस्तूल हाताबरोबरच मागे जातं आणि स्लाइडला मागे यायला पुरता आधार मिळत नाही. ९ मिलिमीटरच्या हलक्या पिस्तुलात हे फार होतं. आणि कोठी रिकामीच राहिली, म्हणजे स्लाइड काडतुसावरून निघून गेली, तर पुन्हा मॅगझिन.

पुन्हा मॅगझिन, पुन्हा मॅगझिन. वाचक कंटाळेल इतक्या वेळा हा शब्द पुढे येणार आहे. पिस्तुलाला माणसं मुलासारखं जपतात, पुसतात, तेल लावतात, आणि मॅगझिन सिमेंटच्या फरशीवर पाडतात. मॅगझिनवर रंगानं किंवा चिकटपट्टीनं एक, दोन, तीन असे आकडे टाका. अडक झाली की वहीत लिहा : मॅगझिन कितवं, गोळी कितवी, काडतुसाचा लॉट कोणता, काय दिसलं. महिन्याभरात वही बोलू लागते. नेहमी दोन नंबरचं मॅगझिनच असेल तर निकाल लागला. शेवटच्या गोळीलाच अडत असेल तर स्प्रिंग. पहिल्याच गोळीला असेल तर बहुधा मॅगझिन पुरतं बसलेलं नसतं किंवा ठासून भरलेलं असतं. सगळ्या मॅगझिनांत होत असेल तर काडतुसं बदलून पाहा, आणि तरीही होत असेल तरच पिस्तूल आर्मररकडे न्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॅगझिन, काडतूस आणि तेल तिन्ही एकदम बदललं आणि अडक थांबली, तर काय शिकलात?

तेलाबद्दल पावसाळ्याच्या दिवसांत फार प्रश्न येतात. गंज दिसला की आमच्याकडे माणूस तेलाची बाटलीच ओततो. मॅगझिनच्या आत तेल नको. ते धूळ धरतं, मळी होते, स्प्रिंग जड होते, आणि काडतुसात झिरपलं तर बारच निकामी होऊ शकतो. कोरड्या फडक्यानं पुसा, एवढं पुरे. चढण कानशीनं किंवा पॉलिश-कागदानं ‘साफ’ करण्याचा मोह अजिबात नको. त्या खोबणीचा कोन एकदा बिघडला की तो परत आणता येत नाही, आणि असं घरगुती साफ केलेलं पिस्तूल टेबलावर आलं की मला आजही वाईट वाटतं.

टोकियोची एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर यांच्या १० मीटर एअर पिस्तुलात ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीतच बिघाड झाला. ते हवेचं पिस्तूल, तिथं काडतूस नसतं, अडकेचा प्रकार वेगळा. पण दुरुस्तीत बराच वेळ गेला, आणि उरलेल्या गोळ्या त्यांना घाईत माराव्या लागल्या. ५७५ गुण, बारावा क्रमांक. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या मुलीनं परत जाऊन पुन्हा सराव केला आणि २०२४ ला पॅरिसहून दोन कांस्यपदकं आणली, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात मात्र ती टोकियोची सकाळ राहिली आहे, पिस्तूल टेबलावर आणि घड्याळ चालू.

हे पुस्तक परवानाधारक खेळाडू, पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. देशी कट्ट्याबद्दल यात एक अक्षर नाही आणि मी कुणाला ते सांगणारही नाही. कायदा सोडला तरी, त्या वस्तूनं चालवणाऱ्याचीच बोटं गेलेली मी पाहिली आहेत. भाग बदलणं, स्प्रिंग कापणं, चाप हलका करणं हेही यात नाही. ते काम परवाना असलेल्या आर्मररचं.

पहिल्या प्रकरणात पिस्तूल नाही. एक रिकामं मॅगझिन, सरावाची पाच खोटी काडतुसं आणि पेन्सिल घेऊन बसा, एवढंच आहे. काडतुसं भरा, वरच्याला अंगठ्यानं पुढे सरकवा, आणि ओठांतून सुटताना त्याचं नाक कुठं बघतं ते कागदावर काढा. पाचही वेळा. आमच्या इथं दर रविवारी सकाळी चार-पाच मुलं ओसरीवर बसून हेच करतात. त्यातली एक मुलगी परवा म्हणाली, की तिसऱ्या काडतुसाचं नाक दर वेळी जरा डावीकडे जातं. आम्ही ते मॅगझिन उजेडात धरून पाहिलं. डाव्या ओठावर, आतल्या बाजूला, केसाएवढी चीर होती.

मोहाडी, जि. भंडारा